रोबो व्हॅक्यूम घेताय? आधी घराचा उंबरठा मोजा

मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला आणि आई-वडील लातूरला नाहीतर नांदेडला. मराठवाड्यात असं चित्र आता अनेक घरांत दिसतं. आईचे गुडघे धरलेत, खाली बसून फरशी पुसणं होत नाही. कामाला येणाऱ्या मावशी लग्नसराईत आठ-आठ दिवस येत नाहीत. मग दिवाळीच्या सेलमध्ये मुलाला मोबाइलवर गोल तबकडीसारखं एक यंत्र दिसतं. आपोआप झाडतं, आपोआप पुसतं, काम झालं की आपणहून चार्जिंगला जाऊन बसतं. किंमत २५ हजार. मुलगा लगेच ऑर्डर करतो.

पहिले चार दिवस शेजारपाजारचे लोक ते बघायला येतात. महिनाभरानं यंत्र कोपऱ्यात पडून असतं, त्याच्यावरच धूळ बसलेली असते आणि आईच्या हातात पुन्हा फडा आलेला असतो.

यंत्र खराब निघालं म्हणूनच असं होतं असं नाही. बहुतेक वेळा ते जाहिरात पाहून घेतलेलं असतं, घर पाहून नाही. जाहिरातीतलं घर म्हणजे एकसारखी गुळगुळीत जमीन, मध्ये गालिचा, नळाला चोवीस तास पाणी आणि कधीही न जाणारी वीज. आपल्याकडे खोलीखोलीला उंबरठा, काळ्या मातीचा फुफाटा, बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जाणारा पारा. म्हणून हे यंत्र निवडताना कोणते आकडे खरोखर पाहायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे समजून घेऊ.

हे यंत्र नेमकं काय करतं?

घर झाडणारा रोबो ही कल्पना फार जुनी नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनं २००१ मध्ये ‘ट्रायलोबाइट’ हा रोबो बाजारात आणला. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीचा ‘रूंबा’ आला आणि तो जगभर गाजला. आज चिनी, अमेरिकी आणि भारतीय अशा अनेक कंपन्यांचे रोबो आपल्याकडे मिळतात.

सगळ्यांची मूळ रचना साधारण एकच. सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाची, तीन-चार किलो वजनाची तबकडी. खाली दोन चाकं. कडेला फिरणारा छोटा ब्रश, तो भिंतीलगतचा केर आत ओढतो. मध्यभागी आडवा फिरणारा मोठा ब्रश, तो केर उचलून शोषणाच्या तोंडाशी नेतो. आत पंखा, केर साठवायचा डबा आणि फिल्टर. पुसण्याची सोय असेल तर मागच्या बाजूला पाण्याची छोटी टाकी आणि फडकं.

तीन खोल्यांचं, साधारण ६०० चौरस फुटांचं मोकळं घर असेल तर असा रोबो तासाभरात फिरून येतो.

आता तो काय करत नाही, तेही आधीच पाहू. तो जिना चढत नाही. सोफ्यावरची, कपाटावरची धूळ पुसत नाही. खोलीच्या काटकोनी कोपऱ्यात त्याचं गोल अंग पूर्ण शिरत नाही. सांडलेलं पाणी किंवा वरण त्यानं ओढायचं नसतं. साधा व्हॅक्यूम रोबो ओल्यात गेला तर पाणी पंख्यात जाऊन यंत्र बिघडू शकतं. आणि जमिनीवर पडलेली चप्पल, कूलरची वायर, नातवाची खेळणी तो उचलून ठेवत नाही. ती आपणच उचलायची.

थोडक्यात, रोजची बारीक धूळ आणि केस काढणं हे त्याचं काम. आठवड्याची घासून-पुसून सफाई हे माणसाचंच काम राहतं.

रस्ता कसा शोधतो?

स्वस्त रोबोत दिशा ओळखणारा एक साधा सेन्सर असतो. तो अंदाजानं सरळ रेषा मारत जातो, भिंतीला धडकला की वळतो. त्याला घराचा पक्का नकाशा नसतो. एखादी खोली दोनदा होते, एखादी तशीच राहते. एका खोलीच्या घरात हे चालून जातं, तीन खोल्यांच्या घरात चिडचिड होते.

दुसऱ्या प्रकारात कॅमेरा असतो. तो छताच्या, दाराच्या, सामानाच्या खुणा धरून नकाशा बनवतो. त्याला उजेड लागतो. जुन्या वाड्याच्या अंधाऱ्या माजघरात किंवा रात्री दिवे बंद असताना असा रोबो गोंधळू शकतो.

तिसरा प्रकार लेझरचा. यंत्राच्या डोक्यावर एक छोटा बुरूज असतो. त्यात लेझर गोल फिरतो आणि भिंती, सामान किती अंतरावर आहे ते मोजतो. पहिल्याच फेरीत घराचा नकाशा तयार होतो आणि अंधारातही काम चालतं. हा नकाशा मोबाइलवर दिसतो आणि त्यावर ‘इथे जायचं नाही’ अशी रेघ मारता येते.

ही रेघ आपल्याकडे फार कामाची आहे. देवघरापुढे रोज रांगोळी असते. महालक्ष्मीच्या दिवसांत तर अर्धा हॉल सजलेला असतो. रोबो रांगोळीवरून गेला तर रांगोळी मोडतेच, शिवाय तिची बारीक पूड फिल्टरमध्ये जाऊन बसते. तेव्हा दोनपेक्षा जास्त खोल्या असतील तर लेझर असलेलाच रोबो घ्यावा. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

पहिली परीक्षा उंबरठ्याची

आता घरातली फूटपट्टी काढा. बहुतेक रोबो दीड ते दोन सेंटिमीटर उंचीचा अडथळा ओलांडतात. काही महागड्या नव्या मॉडेल्समध्ये पुढचा भाग उचलण्याची सोय असते आणि ती चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची चढतात. माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो, पण जाहिरातीत तो ठळक नसतो.

मुख्य दाराचा उंबरठा उंच असला तरी चिंता नाही. तो हळद-कुंकवाचा मान ठेवून तसाच राहू द्या, रोबोला अंगणात जायचंच नाही. प्रश्न आतल्या दारांचा आहे. नव्या फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना उंबरठा नसतो किंवा ग्रॅनाइटची एक-दीड सेंटिमीटरची पट्टी असते. ती चालते. जुन्या बैठ्या घरांत मात्र खोली-खोलीला लाकडी किंवा दगडी उंबरा असतो आणि तो पाच-सात सेंटिमीटर सहज भरतो. अशा घरात रोबो एका खोलीत अडकून पडतो. मग त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायचं कोणी? ज्यांच्या गुडघ्यांसाठी तो आणला, त्यांनीच.

उंची थोडीच जास्त असेल तर सुताराकडून लाकडाचा उतार करून दोन्ही बाजूंनी बसवता येतो, रबराचे तयार उतारही मिळतात. पण वयस्कर माणसांचा पाय त्यावर अडखळणार नाही ना, हे आधी बघा.

दुसरं माप दिवाणाखालचं. लेझरच्या बुरुजामुळे रोबोची उंची साडेनऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. बुरूज नसलेले आठ सेंटिमीटरच्या आसपास असतात. पलंगाखाली किमान अकरा सेंटिमीटर जागा असेल तर तो आत जाईल. पेटीचा, खाली बंद असलेला दिवाण असेल तर प्रश्नच मिटला.

तिसरी गोष्ट फरशीच्या रंगाची, आणि ती कोणी सांगत नाही. जिन्यावरून किंवा ओसरीच्या कडेवरून पडू नये म्हणून रोबोच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली अवरक्त प्रकाश सोडतात. प्रकाश परत आला तर खाली जमीन आहे, नाही आला तर खड्डा आहे, असा त्यांचा हिशोब. काळा रंग हा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे काळ्या कडप्प्याला, काळ्या ग्रॅनाइटला किंवा गडद सतरंजीला काही रोबो खड्डा समजतात आणि माघारी फिरतात. दारातली काळी ग्रॅनाइटची पट्टी एक सेंटिमीटरच उंच असली तरी रोबो ती ओलांडायला तयार होत नाही, त्यामागे हेही कारण असू शकतं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशीच ही चाचणी घ्या. परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. सेन्सरवर चिकटपट्टी लावण्याचा ‘उपाय’ व्हिडिओंमध्ये दाखवतात, पण घरात जिना किंवा पायरी असेल तर तो करू नका. रोबो खरोखरच खाली पडेल.

पास्कलच्या आकड्यांनी भुलू नका

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते शोषण. कोणी ३,००० पास्कल म्हणतं, कोणी १०,०००, कोणी २०,००० च्याही पुढे जातं. पास्कल हे दाब मोजण्याचं एकक आहे. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. म्हणजे ५,००० पास्कलचा रोबो हवेच्या दाबाच्या एक-विसांश इतका फरक निर्माण करतो.

पण हा आकडा सहसा शोषणाचं तोंड बंद करून मोजलेला जास्तीत जास्त दाब असतो. प्रत्यक्षात यंत्र जमिनीवरून फिरतं तेव्हा केर उचलतो तो हवेचा प्रवाह आणि ब्रश. तोंड जमिनीला किती लागून आहे, ब्रश केस गुंतवून घेतो की नाही, फिल्टर किती मोकळा आहे, यावर खरं काम ठरतं.

शिवाय जास्त शोषण लागतं ते जाड गालिच्याच्या मुळाशी रुतलेली धूळ काढायला. आपल्या घरांत गालिचे कुठे असतात? शहाबादी, कोटा, मोझॅक किंवा टाइल्स. कडक फरशीवर धूळ वरच्या वर असते. तिथे चार-पाच हजार पास्कल सहसा पुरेसे ठरतात. २०,००० साठी जास्तीचे दहा-पंधरा हजार रुपये मोजण्याआधी घरात गालिचा आहे का ते बघा.

एक अपवाद आहे. जुन्या शहाबादी फरशीचे सांधे खोल असतात आणि त्यात माती भरते. ती कितीही पास्कल असले तरी पूर्ण निघत नाही. सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरून घेणं हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

काळ्या मातीचा फुफाटा

मराठवाड्यातली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण मोठं. पावसात ती चिकट गारा होते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वाऱ्यावर पिठासारखी उडते. शहराच्या कडेला, कच्च्या रस्त्याला लागून घर असेल किंवा सोयाबीन-तुरीच्या मळणीचे दिवस असतील, तर सकाळी झाडलेल्या घरात संध्याकाळी पावलं उमटतात.

अशा बारीक धुळीत रोबोचा फिल्टर लवकर चोंदतो. फिल्टर चोंदला की शोषण कमी होतं आणि माणसाला वाटतं, यंत्र म्हातारं झालं. म्हणून तीन गोष्टी पाहा.

एक, फिल्टर धुता येणारा आहे का? तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धुवा आणि पूर्ण दिवसभर वाळवून मगच बसवा. ओला फिल्टर बसवला तर धुळीचा चिखल होतो. दोन, जास्तीचे फिल्टर, कडेचे ब्रश आणि फडकी तुमच्या पिनकोडवर मिळतात का, किती रुपयांना? यंत्र घेण्याआधीच हे शोधा. तीन, केराचा डबा रोज रिकामा करायला तुम्ही तयार आहात का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर स्वतः केर रिकामा करणारं स्टेशन असलेला रोबो येतो. तो परत आला की स्टेशन त्याच्या पोटातला केर मोठ्या पिशवीत ओढून घेतं. वयस्कर माणसांसाठी ही सोय चांगली आहे. कंपन्या पिशवी महिना-दोन महिने पुरेल म्हणतात, आपल्या धुळीत ती आधी भरेल असं धरून चाला. पिशवी विकत घ्यावी लागते, तो खर्च मनात ठेवा.

पुसणं म्हणजे किती पुसणं?

पुसण्याचे चार प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ओलं फडकं यंत्रामागे नुसतं ओढलं जातं. दुसऱ्यात फडकं थरथरतं. तिसऱ्यात दोन गोल फडकी दाब देत फिरतात. चौथ्यात आडवा रोलर फिरतो आणि त्यावर सतत ताजं पाणी पडतं.

पहिला प्रकार म्हणजे झाडल्यानंतर उरलेली धूळ टिपणं, बस. चहाचा वाळलेला डाग, फोडणीचं तेल, हळदीचा ठिपका त्यानं निघत नाही. माणूस पुसताना हातानं अंगाचा भार देतो, रोबोच्या फडक्यावर तेवढा भार येत नाही. फिरणारी फडकी किंवा रोलर बरंच चांगलं काम करतात, तरी स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची चिकट जागा अधूनमधून हातानेच घासावी लागते.

एक चूक हमखास होते. धुळीनं भरलेल्या घरात रोबोला थेट झाडणं-पुसणं एकदम करायला लावतात. फडकं चार फुटांतच काळं होतं आणि पुढच्या खोल्यांत चिखलाच्या रेघा उठतात. आधी नुसतं झाडून घ्या, डबा रिकामा करा, मग पुसायला सोडा. धुळीच्या दिवसांत तर एका खोलीनंतर फडकं धुवा.

पाण्याच्या टाकीत फिनेल, ॲसिड किंवा सोडा घालू नका. त्यानं आतली नळी आणि पंप खराब होतो. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिडनं त्यांची चकाकी कायमची जाते, हे तर रोबो नसतानाही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लातूरकरांचा प्रश्न: पाणी किती लागतं?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आणावं लागलं. ‘जलदूत’ची पहिली गाडी १२ एप्रिलला सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. ज्या शहरानं ते दिवस काढलेत, तिथे फरशी पुसायच्या पाण्याचा हिशोब विचारणं साहजिक आहे.

बादलीनं पुसायचं तर आठ-दहा लिटरची बादली भरतो आणि मध्ये एकदा पाणी बदलतो. साध्या रोबोच्या टाकीत पाव लिटरच्या आसपास पाणी बसतं आणि त्यात तीन खोल्या होतात. फडकं धुवायला आणखी तांब्या-दोन तांबे धरा. म्हणजे पाण्याच्या बाबतीत साधा रोबो काटकसरीच आहे.

फडकं स्वतः धुणारं आणि गरम हवेनं वाळवणारं मोठं स्टेशन मात्र जास्त पाणी घेतं. त्याची स्वच्छ पाण्याची टाकी साधारण तीन-चार लिटरची असते आणि काही फेऱ्यांतच रिकामी होते. घाण पाण्याची टाकी वेगळी. ती दोन-तीन दिवस तशीच राहिली तर उन्हाळ्यात वास मारते. म्हणजे ‘काहीच करावं लागत नाही’ हे खरं नाही. फडकं पिळण्याऐवजी टाकी उचलावी लागते, आणि भरलेली टाकी तीन-चार किलोची असते.

पाणी किती, यापेक्षा पाणी कसं, हा प्रश्न मोठा आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो त्यांचाच. हाच थर रोबोच्या बारीक नळीत आणि पंपात बसतो. पाणी झिरपणं हळूहळू कमी होतं आणि एक दिवस फडकं कोरडंच फिरतं. गडद टाइल्सवर पांढरे डागही पडतात.

उपाय सोपा आहे. पाव लिटरच लागतं, तर आरओचं गाळलेलं पाणी वापरा. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र टाकीत घालू नका. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते हातानं पुसायला ठीक, रोबोला नाही. काम झालं की टाकी रिकामी करून ठेवा.

वीज, ऊन आणि वाय-फाय

रोबो बॅटरीवर चालतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तो थांबत नाही. पण चार्जिंगच्या जागेला वीज नसेल तर परत आल्यावर त्याला ती सापडायला अडचण येते. तो तिच्यासमोर घुटमळतो किंवा वाटेत थांबतो. ज्या वेळी तुमच्या भागात वीज हमखास जाते, ती वेळ टाळून वेळापत्रक लावा.

नुसतं चार्जिंग असेल तर वीज फार लागत नाही, घरचा इन्व्हर्टर सहज पेलतो. केर ओढणारं स्टेशन मात्र त्या काही सेकंदांपुरतं मोठ्या मिक्सरसारखी किंवा त्याहून जास्त वीज घेतं. छोट्या इन्व्हर्टरवर ते लावू नका. विजेचा दाब वर-खाली होत असेल तर मध्ये चांगला स्पाइक गार्ड हवा.

उन्हाचं लक्षात ठेवा. बहुतेक माहितीपुस्तिकांत ४० अंशांच्या वर चार्ज करू नका, असं लिहिलेलं असतं. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीखाली चार्जिंगची जागा ठेवली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. घरातली सर्वांत थंड भिंत तिला द्या आणि उन्हाळ्यात रोबो सकाळी लवकर चालवा.

वाय-फायचीही एक गोम आहे. बरेच रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडले जातात. नवा राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर यंत्र जोडलं जात नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. राउटरमध्ये दोन्ही चालू ठेवा. घरी वाय-फाय नसेल, मोबाइलच्या डेटावरच काम चालत असेल, तर नकाशा आणि वेळापत्रकाचे निम्मे फायदे मिळणार नाहीत.

ॲप कोणाच्या फोनवर?

मुलगा पुण्याहून ॲप चालवतो आणि आईच्या घरात रोबो फिरतो. सोय मोठी आहे. पण आईला स्वतःला यंत्र चालू करता आलं पाहिजे. यंत्रावरच चालू-बंदचं आणि ‘परत जा’चं बटण आहे ना, ते बघा. एक मराठी कागद लिहून भिंतीवर लावा: हे बटण दाबलं की चालू, हे दाबलं की घरी.

कॅमेरा असलेला रोबो आई-वडिलांच्या घरी पाठवण्याआधी त्यांना विचारा. डिसेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’नं एक बातमी दिली होती. चाचणीसाठी दिलेल्या रोबोंनी घरांमध्ये टिपलेली खासगी छायाचित्रं, ती तपासणाऱ्या कामगारांमार्फत समाजमाध्यमांवर पोहोचली होती. ते रोबो दुकानातले नव्हते, विकासाच्या टप्प्यातले होते. तरी मुद्दा उरतोच. नुसत्या लेझरवर चालणाऱ्या रोबोत कॅमेरा नसतो आणि ही काळजीही नसते.

आणखी एक धोका कंपनीच बंद पडण्याचा. अमेरिकेतल्या नीटो रोबोटिक्सला तिच्या जर्मन मालक कंपनीनं २०२३ मध्ये टाळं लावलं. ‘रूंबा’ बनवणाऱ्या आयरोबोटनंही डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला. ज्या रोबोचं सगळं काम कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं, त्याच्या बाबतीत हा धोका जास्त. इंटरनेट बंद करूनही रोबो बटणावर निदान झाडतो का, ते पहिल्या आठवड्यातच तपासा.

मग किती पैसे आणि कोणता?

किमती सेलनुसार बदलतात, पण साधारण पायऱ्या अशा आहेत.

१० ते १५ हजार: नकाशा नसलेला किंवा कच्चा नकाशा असलेला रोबो. एक-दोन खोल्यांच्या, कमी सामानाच्या फ्लॅटला चालेल.

१८ ते ३० हजार: लेझर, नकाशा, साधं पुसणं. लातूर-नांदेडमधल्या दोन-तीन खोल्यांच्या बहुतेक फ्लॅटना ही पायरी पुरेशी आहे.

३० ते ५० हजार: केर स्वतः रिकामा करणारं स्टेशन. आई-वडील एकटे राहत असतील, वाकणं खरोखर जमत नसेल, तर जास्तीचे पैसे इथे घालण्यात अर्थ आहे.

५० हजारांच्या पुढे: फडकं धुणं, वाळवणं, उंच अडथळे चढणं. पाणी नियमित येत असेल, स्टेशनला जागा असेल आणि सर्व्हिस जवळ असेल तरच.

सर्व्हिस हा शब्द इथे महत्त्वाचा. ‘घरपोच सर्व्हिस’ लिहिलेलं असलं तरी ती तुमच्या पिनकोडला आहे का, हे कंपनीच्या क्रमांकावर फोन करून विचारा. यंत्र कुरिअरनं पाठवावं लागणार असेल तर कुरिअरचा खर्च कोणाचा आणि किती दिवस लागतील, तेही विचारा. मूळ खोका वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांनी उतरू लागते, ती वेगळी मिळते का आणि कितीला, हेही आत्ताच बघा.

तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विकणारी कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. बिल, वॉरंटी कार्ड आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा.

मावशींचं काय?

यंत्र येतं तेव्हा घरात हा प्रश्न हळू आवाजात निघतोच. हिशोब करून पाहू. २५ हजारांचा रोबो चार वर्षं चालला तर महिन्याला ५२० रुपये पडतात. वर फिल्टर, ब्रश, फडकी, मध्येच बॅटरी. म्हणजे तो वाटतो तितका स्वस्त नाही. आणि भांडी, न्हाणीघर, जिना, जाळी-जळमटं, डाग घासणं यातलं एकही काम तो करत नाही. महाराष्ट्रानं घरकाम करणाऱ्यांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, कारण हे काम म्हणजे नुसता केर काढणं नाही, हे मान्य करावं लागलं.

ज्या घरांत रोबो टिकतो, तिथे तो बहुधा मावशींच्या जोडीला असतो. त्या रोज झाडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट घासून पुसतात, बाकीचे दिवस रोबो धूळ आटोक्यात ठेवतो. त्या सुट्टीवर गेल्या की आईला वाकावं लागत नाही. असं ठरवायचं असेल तर पगार कापायच्या आधी त्यांच्याशीच बसून बोला. फिल्टर झटकणं, फडकं धुणं ही कामंही मग त्यांच्याकडेच जाणार आहेत, त्याचे पैसे धरावे लागतील.

कोणी घेऊ नये?

आतले उंबरे उंच असतील आणि उतार बसवता येत नसेल. घरात बरीच मंडळी जमिनीवरच बसत-झोपत असतील आणि गाद्या, चटया दिवसभर पसरलेल्या असतील. घर मातीच्या किंवा उखडलेल्या फरशीचं असेल. डबा आणि फडकं साफ करायला घरात कोणीच तयार नसेल. अशा घरात लांब दांड्याचा झाडू आणि पिळायच्या बादलीसह मिळणारा उभ्यानं पुसायचा मॉप जास्त उपयोगी पडेल. वाकायचं त्यानंही वाचतं आणि खर्च दीड-दोन हजारांच्या आत बसतो.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा खिशात टेप घेऊन जा. दारांच्या पट्ट्या मोजा, पलंगाखाली हात घालून पाहा, फरशीचा रंग बघा, टाकीत कोणतं पाणी पडतं ते विचारा, वीज किती वाजता जाते ते विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि आईला विचारा, तिला नेमका त्रास कशाचा होतो: झाडण्याचा, पुसण्याचा, की भरलेली बादली उचलण्याचा. तिचं उत्तर ऐकल्यावरच ऑर्डरचं बटण दाबा.